धर्माआबाच्या लेकी

परवा माझ्या गिरणीवर भात भरडायला आलेला एक माणूस ओळख काढायची म्हणून म्हणाला, "तुम्ही वैशाखऱ्याच्या ना? म्हणजे त्या मांजरवेड्या डायवरच्या गावच्या." मी त्याची पोती काट्यावरून उतरवायला लावली आणि त्याला दुसऱ्या गिरणीचा रस्ता दाखवला.

गिऱ्हाईक घालवणं मला परवडत नाही. डोक्यावर पाट्या वाहून मी धसईत गिरणी उभी केली आहे, समोरच्याचं वाकडं बोलणं गिळून त्याच्याकडून सरळ भाव काढायची सवय मला आहे. पण धर्माआबांना वेडं म्हणायचा हक्क या तालुक्यात एकट्या माझा आहे. त्यांनी मला भर बाजारात मांजर नाकारलं आणि तो राग मी अजून धरून आहे. आबांना जाऊन वर्ष होत आलं तरी धरून आहे. बाकीच्यांनी आपलं तोंड आपल्यापाशी ठेवावं.

धर्माआबा एसटीवर डायवर होते. वैशाखरे माझं माहेर, आणि आबांचं घर आमच्या घराच्या मागच्या अंगाला. उंच, हाडकुळे, बोलायला कमी. खाकी शर्टाच्या डाव्या खिशात बिल्ला, पास असल्या वस्तू आणि उजव्या खिशात कायम कागदाच्या पुडीत सुकट. गाडी जिथे थांबेल तिथे कुणीतरी मांजर असणारच, असं त्यांचं म्हणणं. डेपोतले लोक नाक दाबून हसायचे. आबांना त्या हसण्याचं काही नव्हतं. वासाबद्दल कुणी बोललंच तर म्हणायचे, डिझेलच्या वासाची तक्रार तर कोणी करत नाय.

मांजरावर जीव लावणारा माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मांडीवर मांजर घेऊन कुरवाळत बसलेला कोणीतरी येतो. आबांना मी कधी मांजर उचलून घेताना पाहिलं नाही. ते आलं तर जागा करून द्यायची, गेलं तर जाताना बघत राहायचं, एवढंच. खाटेवर मांजर झोपलेलं असलं तर हा एवढा उंच माणूस खाली घोंगडी टाकून आडवा व्हायचा. त्यांची बायको, गंगूवयनी, मला हसत सांगायची, "या घरात उठवल्यावर उठणारी मी एकटीच हाय गो." बोलायची असं, पण तव्यावरचा पहिला बोंबील तीसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवायची. आबा नोकरीत असतानाच वयनी वारली. त्यानंतर घरात आबा, मुलगा सुनील आणि मांजरं.

आमच्याकडे सून घरात आली की तिला माहेरच्या गावावरून हाक मारतात. आबांनी मांजरांना तीच रीत लावली होती. जी ज्या थांब्यावर सापडली त्या गावाची. एक सरळगाववाली, एक टोकावडेवाली, एक मोरोशीवाली. शहापूरकडच्या फेरीला गेले होते तेव्हा सोबत आलेला एक थोराड बोका होता, तो किन्हवलीकर. नवीन माणूस घरी आला आणि आबा स्वतःशीच पुटपुटले, "सरळगाववाली आज जेवली नाय," तर त्याला वाटायचं की घरात कोणी आजारी बाई आहे. एका पाहुण्याने तर तिच्यासाठी मोसंबी आणली होती. आबांनी ती ठेवून घेतली आणि सुनीलला खायला दिली. पाहुण्याला काही सांगितलं नाही.

माझी आणि आबांची खरी ओळख झाली ती गाडीत. नवऱ्याच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या वाट्याला काही आलं नाही. दिराने दुकान ठेवून घेतलं आणि आम्हाला उंबरा दाखवला. मी माहेरच्या शेजारापाजाऱ्यांकडून भेंडी आणि काकडी उचलून सकाळच्या गाडीने कल्याणला न्यायला लागले. तेव्हाच्या गाड्यांत डायवरच्या बाजूला इंजिनाचं मोठं झाकण असायचं. आबा माझ्या पाट्या तिथे ठेवू द्यायचे आणि मी पाट्यांजवळ उभी राहायची. भाजीच्या धंद्यात उशीर म्हणजे भाव गेला. त्यामुळे गाडी रेंगाळली की माझं डोकं फिरायचं.

एकदा टोकावड्याच्या अलीकडे रस्त्यात मांजर आडवं गेलं. आबांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मागे सगळे गप्प. कोणी देवाचं नाव घेतलं, एका म्हातारीने चप्पल उलटी करून ठेवली. सगळ्यांना पटलेलं होतं की धर्मा डायवर अपशकुनाला फार मानणारा आहे, मांजर आडवं गेलं की तो पुढे जात नाही. त्यावर लोकांचा विश्वास इतका की लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी ठरवायची झाली तर मुलीचे बाप डेपोत जाऊन धर्मा डायवरच द्या म्हणून अडून बसायचे.

मी कसली शकुन मानणारी. माझी भेंडी वाळत होती. मी आबांवर ओरडले की मांजर जाऊन युग झालं, आता काय त्याच्या बारशाला थांबलात?

आबा रस्त्याच्या कडेला बघत होते. माझ्याकडे न वळता हळूच म्हणाले, "आय गेली गो. पोर मागं हाय."

कारवीच्या झुडपातून बोटभर शेपटीचं पिल्लू बाहेर आलं. डांबरावर आलं, गाडीकडे बघून बसलं, पुन्हा उठलं आणि आई गेली त्या बाजूला गेलं. आबांनी इंजिन सुरू केलं. मागच्या म्हातारीने चप्पल सरळ केली.

मी त्यांना पुढे विचारलं की लोक तुमच्याबद्दल भलतंच समजतात, ते तुम्ही त्यांना सांगत का नाही. आबा म्हणाले, पिल्लासाठी थांबलो म्हटलं तर लोक गाडीत आरडाओरडा करतील, शकुनासाठी थांबलो म्हटलं तर गप बसतात. त्यांना गप बसू दे. मला हे उत्तर फार आवडलं. आपला माल आपल्याला हवा तसा खपतोय, तर गिऱ्हाइकाला कशाला शिकवत बसायचं? या माणसाने बाजार केला असता तर मला जड गेला असता, असं माझ्या मनात आलं.

आणि ते जड गेलेच.

गिरणी सुरू झाली तशी उंदरांनी गोदामात राज्य केलं. मी आबांना म्हटलं, मला एक मांजर द्या. आबांच्या घरी मांजर व्यायली की ते पिल्लं वाटेल त्याला द्यायचे नाहीत. सोयरीक जमवावी तसं ते घर बघायला जायचे. जाऊन चहा प्यायचे, काही विचारायचे नाहीत, फक्त बसल्या जागेवरून बघायचे. चूल कुठे, पावसात कोरडी जागा कुठे, दाराच्या खालच्या फळीला मांजर जाईल एवढी फट आहे का, घरातलं माणूस कोंबडीला कसं हाकलतं. पसंत पडलं तर पिल्लू टोपलीत घालून स्वतः आणून द्यायचे आणि दिवाळीला सुकट घेऊन भेटायला जायचे, लेकीकडे जावं तसं. नापसंत पडलं तर पुन्हा त्या घराचं नाव काढायचे नाहीत.

माझ्याकडेही आले. चहा प्यायले. गोदामात फिरले. उंदरांचं औषध कोपऱ्यात होतं ते मी आधीच उचलून ठेवलं होतं, तरी त्यांना दिसलं. मी म्हटलं, फेकून देते. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, रोज दूध देईन, ताजी मासळी देईन, तुम्ही म्हणाल ती अट घाला. ते काही न बोलता निघून गेले.

पुढच्या आठवड्यात धसईच्या बाजारात मी त्यांना धरलं. भोवती माझी रोजची गिऱ्हाइकं, तांदूळवाले, भाजीवाले. मी चढ्या आवाजात विचारलं, कधी आणताय पिल्लू?

"तुला मांजर नको गो शेवंते," आबा म्हणाले. "तुला बिनपगारी नोकर पायजे."

सगळा बाजार हसला. तेही एक वेळ मी सोडलं असतं. पण त्याच वेताचं पिल्लू त्यांनी माझ्या दिराला दिलं. ज्याने मला उंबरा दाखवला, त्याच्या दुकानाला यांनी लेक दिली. मी विचारलं तर म्हणाले, माणूस खोटा हाय पण कोंबडीला पाय लावत नाय. मी आजही म्हणते, यात काय चुकलं होतं माझं? कामाला ठेवलं असतं मांजर, पण पोटभर खाल्लं असतं. माझ्याकडची माणसं कामच करतात आणि एकही उपाशी नाही. आबांपुढे हे मी निदान शंभर वेळा बोलले असेन. ते ऐकून घ्यायचे. मांजर काही त्यांनी दिलं नाही.

तालुक्यात माझ्याशी घासाघीस करून कोणी जिंकत नाही, व्यापारी असो की दलाल. आबा जिंकले, तेही घासाघीस न करता. या गोष्टीचा मला जेवढा राग आहे, तेवढाच अभिमान आहे, आणि दोन्ही एकाच पोत्यात बांधलेले आहेत.

निवृत्त झाल्यावर आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. औषधं चालू होती, पण नजर कडेकडेने कमी होत गेली. समोरचं दिसायचं, पायाखालचं दिसायचं नाही. एके दिवशी त्यांचा पाय अंगणात मोरोशीवालीच्या शेपटीवर पडला. ती किंचाळली, तिला वाचवायला म्हणून आबांनी पाय झटकन उचलला, तोल गेला आणि ते पायरीवर पडले. हाताला प्लास्टर घालावं लागलं.

सुनील तोवर शहापूरला नोकरीला लागला होता. तिथेच इमारतीत घर घेतलेलं. मुलगा चांगला आहे, बापाची काळजी करणारा. तो गाडी घेऊन आला आणि म्हणाला की आता पुरे झालं, आबा, तुम्ही माझ्याकडे चला. आबा म्हणाले, मांजरं? सुनील म्हणाला, सोसायटीत चालत नाहीत. दोघांचं तिथेच अडलं. आबांना मुलाला दुखवायचं नव्हतं आणि घर सोडायचं नव्हतं. पडण्याची भीती तर त्यांनाही वाटत होती, तसं ते मला बोलले.

मग त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुझ्यासारखी घासाघीस कोणी करत नाय, शहापूरला माझ्या बाजूने बोलायला चल. आता बघा, ज्या माणसाने मला एक पिल्लू दिलं नाही, तो मला आपल्या मांजरांसाठी भांडायला नेत होता. मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण मला कोणी या कामासाठी निवडलं की माझ्या अंगात येतं. मी नवं लुगडं नेसले आणि गेले.

सोसायटीचे सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते. पाणी दिलं, खुर्ची दिली आणि प्राणी पाळायला परवानगी नाही असं सांगितलं. मी सुरुवात सहा मांजरांपासून केली. एवढी मला नकोच होती, पण खाली यायला जागा पाहिजे. त्यांनी एकही नाही म्हटलं. मी उंदरांचं काढलं. जिन्याखाली मी येतानाच लेंड्या पाहून ठेवल्या होत्या. मी म्हाताऱ्या माणसाचं काढलं, एकटेपणाचं काढलं, तळमजल्यावर कोणाचा पोपट आहे तेही काढलं. चहा आला. ते एका मांजरावर आले. मी उठायचा आव आणला, ते दोनवर आले. त्यांच्या अटी होत्या, जिन्यात सोडायचं नाही, गॅलरीला जाळी लावायची. जाळी सुनील लावतो म्हणाला. सौदा झाला. इतका स्वच्छ सौदा मी बऱ्याच दिवसांत केला नव्हता.

आबा एवढा वेळ गप्प होते. त्यांनी एकच विचारलं, "दार कधी उघडं असतंय?"

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, फ्लॅट आहे. दार बंदच असतं."

"मग नको," आबा म्हणाले आणि उठले.

सुनीलचा चेहरा उतरला. मुलाच्या घरापेक्षा तुम्हाला मांजरं जास्त झाली का, असं तो बापाला सगळ्यांसमोर म्हणाला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने तो काढला. आम्ही निघालो.

परतीच्या जीपमध्ये मी आबांना सोडलं नाही. माझा जिंकलेला सौदा त्यांनी दोन शब्दांत मोडला होता. दोन मांजरं मिळत होती, गॅलरी मिळत होती, मुलगा मिळत होता, तुम्हाला आणखी पाहिजे तरी काय, असं मी मुरबाड येईपर्यंत विचारत होते. मागे बसलेली माणसं ऐकत होती. शेवटी आबा बोलले, आणि आयुष्यात एका दमात एवढं बोलताना मी त्यांना दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

"ती सकाळची जाते गो. रानात जाते, कुणाच्या घरी जाते, मला काय ठावं. सांजेला परत येते. तिला बांधलेली नाय, कोंडलेली नाय, तरी येते. तेवढंच माझं हाय तिच्यात. दार लावून ठेवलं तर मला कसं कळायचं, ती आली असती का नाय?"

  

त्यानंतर सुनील बरेच दिवस आला नाही. फोन करायचा, औषधं पाठवायचा, पण आला नाही. आबा त्याचं नाव काढायचे नाहीत, पण गाडीचा आवाज आला की मान वळायची. सुनीलने फोनवर सांगून ठेवलं होतं की आणखी एकदा पडलात तर मी कोणाचं ऐकणार नाही, उचलून नेईन.

तांदूळ पोचवायच्या निमित्ताने मी जाऊन येत होते. एकदा गेले तर आबांची चाल बदललेली. पाय उचलतच नव्हते. टाच जमिनीला लावून पाय हळू पुढे सरकवायचे, मग दुसरा. शेजारची माणसं म्हणाली, म्हातारा खंगला, पायातलं बळ गेलं. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी रागावते, तशी रागावले, की डॉक्टरला का नाही दाखवलं.

आबांनी मला उंबऱ्यावर बसवलं आणि चालून दाखवलं. पाय उचलला की तो कुठे पडेल ते बघावं लागतं, ते आता दिसत नाही. पाय सरकवला की मांजरीच्या अंगाला नुसता लागतो, ती आपण होऊन बाजूला होते. नाही झाली तर आपण थांबायचं. हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं, हात गळ्यात बांधलेला असताना, भिंतीला धरून. अंगणातले दगड वेचून काढले होते, उंबऱ्याची खाच मातीने बुजवली होती. सारवलेल्या अंगणात दारापासून पाण्याच्या पिंपापर्यंत दोन गुळगुळीत पट्टे उमटले होते. म्हाताऱ्याच्या पायात बळ होतं, चांगलं भरपूर होतं. ते सगळं त्याने पाय जमिनीवर ठेवण्यात घातलं होतं.

मी सुनीलला फोन केला. आबा पडले नाहीत, पण तू एकदा येऊन डोळ्यांनी बघ, एवढंच म्हटलं. मी एवढं थोडक्यात बोलले म्हणून तो घाबरला असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर उशी आणि चादर होती. आबांनी सकाळीच मला निरोप धाडला होता की सुनील येतोय, तू येऊन बस, पण बोलू नको. मी बसले. बोलले नाही. हे काय सोपं होतं?

सुनील अंगणाच्या कडेला उभा राहिला. पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणून आबा पिंपाकडे निघाले. मी उठले तर त्यांनी हाताने खाली बस म्हटलं. तांब्या काठोकाठ भरला आणि परत फिरले. मांजरांना तेव्हाच काय झालं होतं कोणास ठाऊक, चारही त्यांच्या पायांत. सुनील दोनदा पुढे व्हायला गेला आणि दोन्ही वेळा थांबला. आबांचा पाय सरकला, सरळगाववाली बाजूला झाली. पाय सरकला, किन्हवलीकर उठला नाही, आबा थांबले, तो आळस देऊन उठला, आबा पुढे आले. मुलासमोर येऊन त्यांनी तांब्या धरला. अंगणात पाण्याचा थेंब पडलेला नव्हता.

सुनील पाणी प्यायला. तांब्या बराच वेळ हातात धरून ठेवला. जायचा विषय त्याने काढला नाही आणि आबांनीही काढला नाही. शेवटी म्हणाला, "डोळ्यांचे थेंब रोज घालता ना?" आबा म्हणाले, घालतो.

पुढे आबा त्याच घरात वारले. सुनील जवळ होता, त्या सगळ्या महिन्यांत तो सुटी मिळेल तसा येऊन राहत होता. मी हंगामात अडकले आणि वेळेवर पोचू शकले नाही. म्हणून माझे आबा त्या दुपारचेच राहिले आहेत. मी निघाले, कुंपणाशी वळून पाहिलं. सुनील गाडीतून पिशवी काढून घराकडे चालला होता, आबा त्याच्या पुढे. म्हाताऱ्याच्या अनवाणी पायांमागे, शहरातले बूट घातलेला तो मुलगाही पाय न उचलता, जमिनीवरून हळूहळू सरकवत चालला होता.